अंगच्या पाण्यात शिजवणे : पाचपदरी स्टीलच्या भांड्याच्या चाचणी-नोंदी

३ फेब्रुवारी

काम असे: पाणी न घालता शिजवण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या स्टीलच्या भांड्यांचे फायदे तपासायचे आणि शेवटी वापरणाऱ्यासाठी एक पानी पत्रक काढायचे. सांगितले जाणारे फायदे पाच. जीवनसत्त्वे टिकतात, इंधन वाचते, तेल लागत नाही, अन्न करपत नाही, भाजीची मूळ चव राहते. प्रत्येकासमोर 'खरे', 'अटीवर खरे' किंवा 'खोटे' असा शेरा पडला पाहिजे.

तीन भांडी घेतली, तिन्ही २४ सेंमी व्यासाची आणि १२ सेंमी उंच, म्हणजे काठोकाठ ५.४ लिटर.

अ: पाचपदरी. तळापासून काठापर्यंत सगळीकडे थर आहेत. आत अन्नाला लागणारे १८/१० स्टील (१८ टक्के क्रोमियम, १० टक्के निकेल), मध्ये ॲल्युमिनियमचे तीन थर, बाहेर लोहचुंबक धरणारे स्टील. एकूण जाडी २.५ मिमी, त्यात ॲल्युमिनियम १.५ मिमी. वजन १,८५० ग्रॅम, झाकण ४३० ग्रॅम.
ब: सँडविच बुडाचे. भिंत एकेरी आणि पातळ, बुडाला ॲल्युमिनियमची ५ मिमी चकती.
क: साधे एकेरी स्टील, ०.८ मिमी.

थरांच्या संख्येवर फार भर दिला जातो. सात किंवा नऊ पदर म्हणजे जाड भांडे असे नव्हे. तेवढ्याच ॲल्युमिनियमचे जास्त पातळ पत्रे केले की आकडा वाढतो. विचारायचे ते एवढेच, की आतल्या ॲल्युमिनियमची एकूण जाडी किती आणि ते भिंतीतही आहे की फक्त बुडात. 'सर्जिकल स्टील' हा शब्दही बाजूला ठेवला. भांड्याच्या धातूची नेमकी प्रत त्यातून कळत नाही, १८/१० मधून कळते.

४ फेब्रुवारी

पहिली धुलाई. नव्या भांड्यावर पॉलिशचा बारीक थर राहतो. साबणाने धुतल्यावरही पांढरे फडके फिरवले की काळे येते. गरम पाणी, साबण आणि अर्धी वाटी व्हिनेगर घेऊन मऊ घासणीने तीनही भांडी आतून-बाहेरून घासली. फडके स्वच्छ निघेपर्यंत दोनदा करावे लागले. हा थर राहिला तर पहिल्याच तापवणीत भाजून तपकिरी पडतो आणि लोक भांड्याला नावे ठेवतात.

काठ तपासला. भांडे काचेच्या सपाट तुकड्यावर पालथे घालून आत टॉर्च लावला आणि अंधारात कडेने उजेडाची फट दिसते का ते पाहिले. अ आणि ब ठीक. क च्या काठाला एका जागी पोचा होता. तो लाकडी ठोकळ्यावर हलकेच ठोकून काढला, तरी फट पूर्ण बुजली नाही.

५ फेब्रुवारी

उष्णता तळावर कशी पसरते ते पाहिले. कोरड्या तळावर मैद्याचा पातळ, एकसारखा थर पसरला आणि मध्यम आच दिली. क मध्ये दोन मिनिटांत बर्नरच्या ज्वाळांचे कडे जसेच्या तसे काळे उमटले, मधला मैदा पांढराच. ब मध्ये तपकिरी चकती उमटली, पण चकती संपते तिथे कडेने गडद रेघ. मोठ्या बर्नरची आच चकतीबाहेर जाऊन पातळ भिंतीला लागते, तिची ही खूण. अ मध्ये जवळजवळ एकच रंग, कडेला किंचित फिका.

कारण साधे आहे. स्टील उष्णता वाहून न्यायला मठ्ठ (सुमारे १५ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन), शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे २३५. एकेरी स्टीलमध्ये उष्णता जिथे लागली तिथून सरळ वर अन्नात जाते, आडवी पसरायला तिला वाटच नसते. पाणी भरपूर असले की ते स्वतः फिरून हा दोष झाकते. पाणी काढून घेतले की दोष उघडा पडतो. म्हणून बिनपाण्याच्या शिजवण्याला बूड चांगले लागते.

७ फेब्रुवारी

पहिली फेरी फसली. भांडे अ, ८०० ग्रॅम गाजर, २ सेंमीच्या फोडी, ४५ मिली पाणी, मोठा बर्नर. वाफ येईपर्यंत मध्यम, नंतर सिम. काठावरून सतत वाफ फुसफुसत राहिली, झाकण थडथडत होते. अकराव्या मिनिटाला करपल्याचा वास. उघडले तर खालचा थर चिकटलेला, वरचा अर्धा कच्चा.

दोष दोन निघाले. एक आमचा: थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या संवेदकाची) तार काठावरून आत सोडली होती. तार कितीही बारीक असली तरी काठ आणि झाकण यांमधला पाण्याचा पडदा तिथे तुटतो. आता तार झाकणाच्या व्हॉल्व्हच्या छिद्रातून घालून फट उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद केली आहे.

दुसरा दोष आचेचा. त्यावर उद्या.

८ फेब्रुवारी

आधी झाकणाचा हिशेब, कारण त्याबद्दल गैरसमज जास्त. वाफ वर जाते, झाकणाला लागून तिचे पाणी होते, ते काठाच्या खाचेत उतरते आणि तिथे पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. यालाच वाफेची बंदी म्हणतात. बंदी बसली की झाकण बोटाने गोल फिरवता येते, पाण्यावर तरंगल्यासारखे सरकते. हीच सगळ्यात खात्रीची खूण.

ही बंदी दाब धरत नाही. ४३० ग्रॅमचे झाकण २४ सेंमीच्या तोंडावर बसते, म्हणजे साधारण ९३ पास्कल. आत त्याहून जास्त दाब झाला की झाकण उचलले जाते आणि वाफ निसटते. तेवढ्या दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू तीन शतांश अंशही वाढत नाही. प्रेशर कुकर हवेच्या दाबावर आणखी सुमारे १ लाख पास्कल धरतो आणि म्हणून १२० अंशांपर्यंत जातो. तेव्हा 'कुकरसारखेच शिजते' हा दावा आजच खोडला. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांना उकळते, तिथे तापमान वाढवायला या झाकणाचा काडीचा उपयोग नाही.

आता आच. भांडे ९० अंशांच्या आसपास टिकवायला किती उष्णता लागते? भिंत आणि झाकण मिळून पृष्ठभाग सुमारे ०.१३६ चौरस मीटर. चकचकीत स्टील उष्णता कमी फेकते, म्हणून दर चौरस मीटरला दर अंशामागे ८ वॅट धरले. खोलीपेक्षा ६० ते ७० अंश फरक असेल तर ६५ ते ७६ वॅट. थोडक्यात, शंभर वॅटच्या जुन्या बल्बहूनही कमी.

बर्नर किती देतो ते मोजायची सोपी रीत: भांड्यात १ लिटर पाणी, आच अगदी कमी, ३० अंशांवरून ६० अंशांवर जायला लागणारा वेळ घ्यायचा. पाण्याला १२५ किलोज्यूल लागतात. भांडे स्वतः आणखी २७५ मिली पाण्याइतकी उष्णता खाते, म्हणजे ३४. एकूण १५९ किलोज्यूल भागिले सेकंद.

मोठा बर्नर, सिम: साडेसात मिनिटे, ३५३ वॅट.
लहान बर्नर, सिम: १४ मिनिटे, १९० वॅट.
लहान बर्नर, सिम, मध्ये जाड लोखंडी तवा (आधीच तापलेला): २४ मिनिटे, ११० वॅट.

उत्तर इथेच आहे. ३५३ मधले ७० भिंतीतून गेले तर उरलेले २८० वॅट पाण्याची वाफ करतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २,२५७ ज्यूल लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण साडेसात ग्रॅम पाणी उडाले. ४५ मिली सहा मिनिटांत खलास. गाजरात ८८ टक्के पाणी आहे खरे, पण ते पेशी मऊ होतील तसे सुटते, बुडाच्या मागणीच्या वेगाने नाही. तव्यासह ११० वॅटवर मिनिटाला एक ग्रॅमच्या आसपास जाते. भांड्याचा दर्जा काहीही असो, बर्नर एवढा खाली उतरत नसेल तर बिनपाण्याचे शिजणार नाही.

इंडक्शनवर वेगळी अडचण. बऱ्याच शेगड्या कमी वॅट सलग देत नाहीत. काही सेकंद पूर्ण जोर, मग बंद, असे करतात. आकड्यात २०० दिसते आणि बूड मात्र दर वेळी १,००० वॅटचा चटका खाते. पाचपदरी भांडे ते झेलते, कारण ॲल्युमिनियम उष्णता पसरवून ठेवते. साधे पातळ झेलत नाही. कानाने ओळखता येते: गुणगुण चालू-बंद होत असेल तर जोर तुटक आहे.

१० फेब्रुवारी

गाजर, दुसरी फेरी. तेच वजन, तेच ४५ मिली पाणी. लहान बर्नरवर मध्यम आच, व्हॉल्व्ह उघडा. सातव्या मिनिटाला आतले तापमान ८५ अंश. व्हॉल्व्ह बंद, भांडे बाजूच्या तापलेल्या तव्यावर, सिम. झाकण फिरवून पाहिले, सरकले. १८ मिनिटे हात लावला नाही. शेवटी वजन घेतले तर ८४५ ग्रॅममधले २३ ग्रॅम कमी. तळाशी दोन चमचे गोडसर पाणी शिल्लक, फोडी अखंड, सुरी सहज आरपार.

तेच ब मध्ये: २९ ग्रॅम कमी, बाकी फरक सांगता येण्यासारखा नाही. भाजी वाफवण्यापुरते सँडविच बूड पुरते, ही नोंद पत्रकात ठळक हवी. भिंतीतल्या ॲल्युमिनियमचा उपयोग दूध, दाट रस, शिरा अशा बाजूला चिकटणाऱ्या पदार्थांत दिसेल.

क मध्ये पोचा आल्या जागेतून वाफ जात राहिली. आठव्या मिनिटाला ३० मिली पाणी वाढवावे लागले.

झाकण मध्येच उघडून पाहिल्यास काय होते तेही मोजले. दहा सेकंद उघडले, आतले तापमान ७१ पर्यंत उतरले, परत ८५ व्हायला ११० वॅटवर चार मिनिटांहून जास्त गेली. प्रत्येक डोकावणीला पाच मिनिटे वाढवायची, हा जुना नियम बरोबर आहे.

११ फेब्रुवारी

बटाटा. पाण्याचे प्रमाण ७९ टक्के असूनही बटाटा पाणी सोडत नाही. त्यातला स्टार्च ६० ते ७० अंशांना फुगतो आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकतो. म्हणून 'बिनपाण्याचे' इथे लागू नाही. ८०० ग्रॅमला ७५ मिली, म्हणजे मोठे पाच चमचे पाणी हवेच.

एक फेरी मुद्दाम बिघडवली. मध्यम आचेचा टप्पा वगळून पहिल्यापासूनच तव्यावर सिम. ८५ अंशांना पोचायला ४० मिनिटे गेली, त्यातला मोठा भाग ५५ ते ६५ अंशांत. फोडी नंतर पाऊण तास ठेवूनही रबरासारख्या. कारण असे की या पट्ट्यात भाजीतले एक विकर (एन्झाइम) जागे होते आणि पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियमशी बांधून घट्ट करते. एकदा घट्ट झालेले पेक्टिन मग सहज सुटत नाही. पेक्टिन विरघळू लागते ते ८५ अंशांच्या आसपास. म्हणजे सुरुवातीची मध्यम आच वेळ वाचवण्यासाठी नाही, हा पट्टा चटकन ओलांडण्यासाठी आहे. बीट आणि गाजराचेही तेच.

आंबटही असेच आडवे येते. टोमॅटो आधी घातला तर बटाटा दडस राहतो. आंबट नेहमी शेवटी.

१३ फेब्रुवारी

पालेभाजी. पालक ४०० ग्रॅम, धुऊन दोनदा झटकला, वजन ४८६. म्हणजे ८६ ग्रॅम पाणी पानांनाच चिकटून आले, वेगळे एक थेंबही घालायचे कारण नाही. भांडे गच्च भरले, वाफ येईपर्यंत मध्यम, नंतर दोन मिनिटे. पाव उंचीला बसला.

भांडे दोन तृतीयांश तरी भरलेले हवे, या नियमाचे कारण 'वाफेने जागा भरायला हवी' असे सांगतात. हिशेबात बसत नाही. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.६७ लिटर वाफ होते, म्हणजे चार लिटर रिकामी जागा अडीच ग्रॅम पाण्यात भरते. खरे कारण भिंत. भाजी कमी असली की उघडी भिंत जास्त, वाफ तिथेच थंड होऊन बाजूने खाली उतरते आणि भाजीच्या वरच्या थराला मिळत नाही. शिवाय बुडावर थोडीच भाजी म्हणजे थोडाच रस. २०० ग्रॅम भाजीला ५ लिटरचे भांडे घेऊ नये, १६ सेंमीचे घ्यावे.

हिरवा रंग ही या पद्धतीची कमजोर बाजू. फरसबी १८ मिनिटे बंद ठेवली, शेवाळी-करडी निघाली. भाजीतून सुटणारी सेंद्रिय आम्ले बंद झाकणात अडकतात, क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि रंग मरतो. उघड्या भांड्यात त्यातली काही वाफेबरोबर जातात, भरपूर पाण्यात बाकीची पातळ होतात. उपाय म्हणजे शेंगा बारीक चिरणे आणि वाफ धरल्यावर सात मिनिटांच्या आत उतरवणे. सोडा घालून रंग राखू नये. रंग टिकतो, पण क जीवनसत्त्व आणि थायमिन जाते आणि भाजीचा लगदा होतो.

कोबी आणि फ्लॉवरलाही हाच वेळेचा नियम, कारण वेगळे: जास्त वेळ ठेवल्यास गंधकाचा वास वाढत जातो आणि झाकण तो बाहेर जाऊ देत नाही.

१५ फेब्रुवारी

जीवनसत्त्वांचा दावा. इथे शब्द जपून वापरायचे.

क जीवनसत्त्व आणि ब गटातली बहुतेक पाण्यात विरघळतात, पोटॅशियमही. भाजी दीड लिटर पाण्यात उकळून पाणी ओतून दिले तर त्यातला काही भाग मोरीत जातो. बिनपाण्याच्या पद्धतीत ओतून द्यायला पाणीच नसते. एवढा फायदा नक्की खरा, आणि तळाशी उरलेले दोन चमचे पाणीही पानात घ्यावे.

पण क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेतल्या प्राणवायूनेही नष्ट होते. २५ मिनिटे मंद आचेवर ठेवलेली भाजी सहा मिनिटे वाफवलेल्या भाजीपेक्षा बरी असेलच असे नाही. योग्य तुलना चाळणीवर वाफवण्याशी. विक्रीच्या प्रात्यक्षिकात ती नेहमी उकळण्याशी होते, म्हणून फरक मोठा दिसतो.

गाजरातले कॅरोटीन पाण्यात विरघळतच नाही, ते दोन्हीकडे टिकते. उलट ते शरीरात जायला थोडी चरबी लागते. 'बिनतेलाचे म्हणून जास्त पौष्टिक' हे वाक्य पत्रकात येणार नाही. त्याऐवजी: उतरवल्यावर एक लहान चमचा तेल किंवा तूप घालावे.

आणि एक उलटी बाजू. ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे, त्यांना भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकण्याचा सल्ला दिला जातो. पालकातले विरघळणारे ऑक्झलेटही (मुतखड्याला हातभार लावणारे द्रव्य) उकळून पाणी टाकल्याने कमी होते. बिनपाण्याच्या भांड्यात दोन्ही जिथल्या तिथे राहतात. अशांनी ही पद्धत डॉक्टरांना विचारून वापरावी.

१६ फेब्रुवारी

इंधन. ८०० ग्रॅम गाजर ३० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २१८ किलोज्यूल. ते सगळ्या पद्धतींत सारखे. दीड लिटर पाण्यात उकळल्यास त्या पाण्याला वेगळे ४३९. शेगडीची निम्मी उष्णता भांड्याला लागते असे धरले, तर एलपीजीचे सुमारे १९ ग्रॅम जास्त. बिनपाण्याच्या फेरीत १८ मिनिटे मंद आचेचे १२० किलोज्यूलच्या आत. तेव्हा उकळण्याच्या तुलनेत बचत खरी. पाव लिटर पाण्यावर झाकून वाफवले तर त्या पाण्याला ७३ लागतात, मंद आचेची लांबण धरली की दोन्ही जवळपास सारखे. शेरा: अटीवर खरे.

एक खरी सोय मात्र सापडली. १,८५० ग्रॅमचे भांडे उष्णता धरून ठेवते. गाजर १३ मिनिटांनी आच बंद करून झाकण न उघडता ठेवले, १० मिनिटांनी आत ८१ अंश होते. फोडी तेवढ्याच मऊ. आच बंद करण्याची वेळ पाच मिनिटे अलीकडे आणता येते.

१८ फेब्रुवारी

बिनतेलाचे भाजणे. भांडे अ कोरडे, मध्यम आच, तीन-चार मिनिटे. पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. चुरचुरून लगेच उडाला तर भांडे अजून थंड. पाऱ्यासारखा गोळा होऊन पळू लागला तर तयार. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, योहान लायडेनफ्रॉस्टने १७५६ साली याचे वर्णन केले. गुळगुळीत धातूवर साधारण १९० अंशांच्या पुढे हे घडते. थेंबाचे बारीक बारीक तुकडे उडाले तर भांडे जास्त तापले, आच काढून मिनिटभर थांबायचे.

कोंबडीचे तुकडे फडक्याने टिपून कोरडे केले आणि ठेवले. पहिल्या मिनिटाला घट्ट चिकटले. इथे ओढायचे नाही. प्रथिने धातूला धरतात, खाली तपकिरी कवच बनले की स्वतःच सोडतात. साडेचार मिनिटांनी चिमट्याने सहज उचलले. उलटून झाकण लावले, आच सिम. जाड तुकड्याच्या पोटात ७४ अंश झाले की उतरवले. ओले तुकडे ठेवलेल्या फेरीत तळ थंड पडला, पाणी सुटले, ना रंग आला ना तुकडे सुटले.

सुटणारी चरबी असलेल्या मांसाला हे जमते. अंडे, मासा, कांदा परतणे यांना नाही. त्यांना चमचाभर तेल लागतेच.

रिकामे भांडे पाच मिनिटांहून जास्त तापवू नये. ॲल्युमिनियम आणि स्टील वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात (ॲल्युमिनियम सुमारे २३, स्टील १७ दशलक्षांश प्रति अंश). तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतल्यास बूड वाकडे होते ते याच कारणाने, आणि वाकडे बूड सपाट शेगडीवर पुन्हा कधीच नीट बसत नाही.

१९ फेब्रुवारी

यात काय शिजवू नये. ही नोंद पत्रकात सगळ्यात वर जाईल.

राजमा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. ८० अंशांच्या आसपास रेंगाळत शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. आणि हे भांडे नेमके त्याच पट्ट्यात चालते. किमान पाच तास भिजवणे, ते पाणी टाकणे, ताज्या पाण्यात खळखळ उकळी, निदान दहा मिनिटे, बरे म्हणजे अर्धा तास. त्यानंतर मंद आच चालेल. इतर कडधान्येही भरपूर पाण्यातच, ती कोरडी असतात, त्यांच्याकडे अंगचे पाणी नसते.

पास्ता, भात, ओट: पाणी मोजूनच. भांडे चांगले चालते, पण 'बिनपाण्याचे' नाही.

मोठे अख्खे मांस थंडगार स्थितीतून ११० वॅटवर: नको. पोटातले तापमान ५ ते ६० अंशांत तासन्‌तास राहते आणि जिवाणूंना तेवढे पुरते.

२० फेब्रुवारी

झाकण अडकले. गाजराचे भांडे व्हॉल्व्ह बंद ठेवून थंड होऊ दिले होते. आतली वाफ पाणी झाली, दाब उतरला, बाहेरच्या हवेने झाकण दाबून धरले. दाबातला फरक ५,००० पास्कल जरी धरला तरी या तोंडावर २३ किलोचा भार होतो. दस्ता ओढून उपयोग नाही, निघालाच तर दस्त्याचा स्क्रू निघेल. व्हॉल्व्ह उघडायचा. व्हॉल्व्ह नसेल तर मंद आचेवर दोन मिनिटे ठेवायचे, झाकण सैल होते. सुरी घालून काठ उचकटू नये, काठाला खाच पडली की वाफेची बंदी कायमची गेली.

२२ फेब्रुवारी

डाग. पांढरे ठिपके म्हणजे पाण्यातला क्षार, व्हिनेगरने लगेच जातो. निळसर-सोनेरी झाक म्हणजे जास्त तापल्याने जाड झालेला ऑक्साइडचा पापुद्रा, तोही व्हिनेगरने उतरतो, आणि आच मोठी होती हे सांगून जातो. करपलेले असेल तर कोमट पाण्यात सोडा घालून रात्रभर, मग लाकडी उलथने. तारेची घासणी नको. ब्लीच मुळीच नको.

सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले तर ते मात्र जात नाहीत. थंड पाण्यात मीठ टाकून ढवळले नाही की दाणे तळाशी बसतात, तिथे क्लोराइड एकवटते आणि स्टीलचा संरक्षक पापुद्रा फोडते. मीठ उकळी आल्यावर, किंवा बिनपाण्याच्या भाजीत उतरवल्यावर. मीठ आधी चोळल्याने भाजी लवकर पाणी सोडते हे खरे, पण ते परातीत करावे आणि सुटलेल्या पाण्यासकट भांड्यात घालावे.

आंबट पदार्थ नव्या स्टीलमध्ये तासन्‌तास ठेवल्यास थोडे निकेल आणि क्रोमियम उतरते. पहिल्या काही वापरांत जास्त, नंतर कमी होत जाते. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी आंबट रस्सा यात शिजवू नये, साठवू तर नयेच.

२३ फेब्रुवारी

सोड्याचे प्रात्यक्षिक तपासले. विक्रेते वेगवेगळ्या भांड्यांत सोड्याचे पाणी उकळून चाखायला देतात आणि कडू चव 'धातू उतरल्याची' म्हणतात. पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा सोडा, दहा मिनिटे उकळी: ॲल्युमिनियम, स्टील आणि काच. पीएचच्या (आम्ल-अल्क किती ते दाखवणाऱ्या) पट्टीवर काचेतले पाणीही आधीपेक्षा बरेच अल्कधर्मी. उकळल्यावर खाण्याचा सोडा कार्बन डायऑक्साइड सोडून धुण्याच्या सोड्याकडे झुकतो, आणि त्याची चव तशीच असते. ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळते हेही खरे, भांडे काळवंडले. पण स्वयंपाक सोड्याच्या पाण्यात कुणी करत नाही. काचेचे भांडे सोबत न ठेवता केलेला हा प्रयोग काहीच सिद्ध करत नाही.

२५ फेब्रुवारी

पत्रकाचा मजकूर पक्का केला.

१. राजमा आणि कडधान्ये या पद्धतीने नाहीत.
२. आधी बर्नर मोजा: १ लिटर पाणी, सिम, ३० ते ६० अंश. २० मिनिटांहून कमी वेळ लागला तर मध्ये जाड तवा घ्या.
३. भांडे दोन तृतीयांश ते काठोकाठ भरलेले. फोडी सारख्या आकाराच्या.
४. पाणी: पालेभाजीला धुतलेले तेवढेच, गाजर-बीटला ८०० ग्रॅमला ४५ मिली, बटाट्याला ७५.
५. मध्यम आच, व्हॉल्व्ह उघडा. वाफ दिसली की व्हॉल्व्ह बंद, आच सिम. झाकण बोटाने फिरते का पाहा. फिरत नसेल तर काठावर चमचाभर पाणी सोडा.
६. पालेभाजी २ ते ३ मिनिटे, चिरलेली फरसबी, कोबी, फ्लॉवर ५ ते ७, गाजर १८, बटाटा २२ ते २५. झाकण उघडल्यास पाच मिनिटे वाढवा.
७. काठावरून सतत फुसफुस म्हणजे आच जास्त. झाकण फिरते पण भाजी कच्ची म्हणजे सुरुवातीची मध्यम आच कमी पडली.
८. मीठ, आंबट आणि तेल शेवटी.
९. उतरवल्यावर आधी व्हॉल्व्ह उघडा. गार पाण्याखाली धरू नका.

शेरे: करपत नाही, अटीवर खरे (आच ११० वॅटच्या आसपास असेल तर). जीवनसत्त्वे, उकळून पाणी टाकण्याच्या तुलनेत खरे, वाफवण्याच्या तुलनेत नाही. इंधन, तसेच. तेल लागत नाही, चरबी असलेल्या मांसापुरते खरे. चव: गाजर, बीट आणि बटाट्यात खरे, कोणत्या भांड्यातले ते न सांगता चाखायला दिले तरी फरक कळला. फरसबीत उलटे.

२६ फेब्रुवारी

तवा बर्नरवर कसा बसवायचा याचे रेखाचित्र पत्रकात घालायचे राहिले होते, ते घातले. भांडे क चा काठ दुरुस्त होत नाही, ते चाचणीतून काढले. अ च्या व्हॉल्व्हमधली तार आणि सिलिकॉन काढून छिद्र टाचणीने साफ केले. छिद्रात अडकलेला गाजराचा एक तंतू निघाला.